चुलीत गेलेला दगड

संदेशच्या घरामागून त्या सकाळी नेहमीपेक्षा काळा धूर निघत होता, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो पडवीच्या कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली हात घालून चाचपडत होता. गोणपाट जागेवर होतं. खालचा दगड गायब होता.

दगड म्हणजे ताईच्या वाढदिवसाची भेट. ताई, म्हणजे निशिगंधा, पुण्याला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची आणि मे महिन्यात आंबे खायला घरी यायची. साडी दिली तर तिची घडी वर्षभर मोडायची नाही, पण वाटेत दिसलेला खडा मात्र पदरात बांधून आणायची. आंब्याची बाग सांभाळणाऱ्या संदेशला या बहिणीचं कोण कौतुक! आगगाडीच्या खिडकीतून बोगद्याची भिंत बघून तिने डोंगराचं वय सांगितलं, ही गोष्ट त्याने वाडीत इतक्यांदा सांगितली होती की डोंगर दर खेपेला थोडा म्हातारा व्हायचा.

पण या कौतुकात एक सल होता. त्याने आजवर जो दगड दिला, तो ताईने हातात घेताक्षणी ओळखला. बुरोंडीच्या किनाऱ्यावर मिळालेला तांबडा गुळगुळीत दगड तिने मायेने कुरवाळला आणि म्हणाली, "कौल आहे रे. समुद्राने घासलंय." गणपतीपुळ्याचा हिरवागार दगड सोड्याच्या बाटलीची काच निघाली. ती कधी हसली नाही. उलट लाटा काच कशी घासतात ते इतकं रंगून सांगायची की संदेशला आपण काहीतरी मोठं शोधल्यासारखं वाटायचं. तरीही आयुष्यात एकदा तिच्या हातावर असा दगड ठेवायचा की तिने म्हणावं, "हे काय आहे, मला माहीत नाही," एवढीच त्याची इच्छा होती.

यंदा शेजारच्या भिकाजीची बाव, म्हणजे विहीर, खणताना योग आला. वरचा जांभा दगड संपून खाली निळसर चिकणमाती लागली आणि तीत एक काळा, लांबट, जड तुकडा सापडला. उन्हात ठेवला तर त्याला भेगा जायला लागल्या, म्हणून संदेशने तो ओल्या गोणपाटात गुंडाळून ताईच्या नजरेआड ठेवला होता.

"आई, हितला दगड बघितलास?"

न्हाणीची चूल बाहेरच्या अंगाला होती. तिच्यापुढे बसलेल्या आईने फुंकणी खाली ठेवली. "दगड कुठला? ओंडका होता. कोणा मेल्याने भिजवून ठेवलान कोण जाणे. पोरीचा वाढदिवस, न्हायला कढत पाणी नको? घातलाय चुलीत."

"आई, तो दगड होता."

"दगड जळतो काय रे? बघ कसा धुमसतोय."

संदेशने वाकून पाहिलं, तर दगड खरोखरच जळत होता. तेवढ्यात न्हाणीतून ताईचा आवाज आला, "आई, आज पाणी काय सुंदर तापलंय गो." स्वतःची भेट जाळून तापवलेल्या पाण्याने ताई मजेत न्हात होती.

संदेशने बादलीभर पाणी चुलीत ओतलं. राखेचा मोठा लोट उठला आणि नेमका कुंपणाचा गडगा ओलांडून धावत येणाऱ्या भिकाजीच्या धुतलेल्या बनियनवर बसला.

"सिलिंडर बंद करा आधी," भिकाजी खोकत म्हणाला. "गंधकासारखा वास माझ्या माजघरापर्यंत येतोय." मग त्याची नजर चुलीकडे गेली. "हा माझ्या बावीतला माल ना? मी आजच परत मागणार होतो. एवढा जपून नेलास तेव्हाच म्हटलं, मोलाचा असणार. आणि तुम्ही आंघोळीला जाळलात?"

"मी लाकूड जाळलं," आई म्हणाली.

संदेशने चिमट्याने अर्धवट जळालेला तुकडा बाहेर ओढला, तोच केसांना पंचा गुंडाळलेली ताई नाक वर करून वास घेत आली. ती उकिडवी बसली, काडीने तुकड्याचा पापुद्रा सोडवला आणि हलकेच म्हणाली, "झाड आहे हे. माणूस जन्माला यायच्याही आधीचं झाड. मातीखाली दबून पार कोळसा होत आलंय. कुणाला मिळालं?"

संदेशला रडावं की नाचावं कळेना. अर्धा जाळला, पाण्याने भिजवला, तरी ओळखलंन. काय ही बाई!

"म्हणजे लाकूडच," आई म्हणाली. "मी काय सांगत होते?"

"माझ्या बावीत मिळालं. आणि किंमत?" भिकाजीने विचारलं.

"किंमत काही नाही, काका. पण विहीर दाखवा ना."

भिकाजीचा चेहरा उतरला, पण आपली बाव बघायला कुणी पुण्याचं माणूस उत्सुक आहे म्हटल्यावर तो पुढे झाला. ताईने नव्या साडीचा ओचा खोचला, हातोडी घेतली आणि औक्षणासाठी हाका मारणाऱ्या आईला "आलेच" म्हणून ती शिडीवरून सरळ विहिरीत उतरली. तिला एकटीला कसं सोडायचं, म्हणून मागोमाग संदेशही उतरला.

"आलेच"चा अर्थ आईला लहानपणापासून ठाऊक होता. खीर निवायला लागली तशी ती तबक घेऊन विहिरीच्या काठावर आली.

"वर ये गो, बाय. औक्षणाशिवाय माझ्या पोटात चहा नाय."

"आई, एवढा थर बघते आणि येते."

मग आईने माती काढायच्या घमेल्यात तबक ठेवलं, भिकाजीने कप्पीवरून दोर सोडला आणि तेवतं निरांजन हळूहळू खाली आलं.

"संदेश, तूच ओवाळ," वरून हुकूम आला.

"मी?"

"मग काय भिकाजी ओवाळेल? आधी कुंकू लाव. आणि केस सांभाळ तिचे."

आयुष्यात कधी न केलेलं काम संदेश जीव लावून करू लागला. निरांजन फिरवताना ताईच्या मागे ओल्या मातीत काहीतरी चमकलं. त्याने नखाने उकरलं. बोराएवढा पिवळट, आरपार दिसणारा खडा निघाला. द्यायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून तोच त्याने तिच्या तळहातावर ठेवला.

ताईने तो निरांजनापाशी धरला. हुंगला. दातावर वाजवून पाहिला. पुन्हा उजेडात धरला.

"झाडाची राळ म्हणावी तर दगडासारखी वाजते..." ती थांबली. मग लहान मुलीसारखी हसली. "संदेश, मला माहीत नाही रे. खरंच माहीत नाही."

संदेशचे डोळे भरून आले.

"झालं काय ओवाळून?" वरून आईने विचारलं. "काय म्हणते ती?"

"तिला माहीत नाय," संदेशने मान वर करून सगळ्या वाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं.

"एवढी शिकली आणि माहीत नाय?" भिकाजीने वाकून विचारलं.

"अजिबात माहीत नाय," संदेश म्हणाला, आणि त्याचा ऊर अभिमानाने भरून आला.