शेरेसाहेब टायर बघतात

हॉस्पिटलच्या फाटकात ब्रेक दाबल्यावर गाडी जिथे थांबायला हवी होती, तिथे ती थांबली नाही. आणखी चार हात घसरत जाऊन ती वॉचमनच्या खुर्चीवर आदळली आणि खुर्चीचा एक पाय मोडला. वॉचमन त्या वेळी खुर्चीत नव्हता. कामाच्या वेळेत जागेवर नसल्याबद्दल त्याचे कौतुक झाले, ते अख्ख्या नोकरीत त्या एकाच दिवशी.

गाडी चालवत होत्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाई. तीस नर्सेसना नुसत्या नजरेने सरळ करणाऱ्या ह्या बाई खाली उतरल्या आणि गाडीचे दार धरूनच उभ्या राहिल्या. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि वाकून टायरवरून तळवा फिरवला.

"मॅडम, चारही टायर गोटा झालेत," तो म्हणाला. "ही गाडी नाही राहिली, घसरगुंडी झालीय. आज खुर्ची होती. उद्या कोण असेल सांगता येत नाही."

संध्याकाळी बाईंनी ही हकिगत नवऱ्याला सांगितली. नवरा विमा कंपनीत मोटार अपघातांचे दावे तपासणारा अधिकारी. नुकसानभरपाई मागणारा जो कागद टेबलावर येईल, त्यावर हिरव्या शाईने शेरा मारणे हे त्याचे काम, आणि ते काम तो इतक्या निष्ठेने करी की ऑफिसात सगळे त्याला शेरेसाहेबच म्हणत. आपणही तेच म्हणू. साहेबांचा सर्वांत लाडका शेरा होता, 'टायर झिजलेले आढळले. दावा नामंजूर.' असल्या टायरांवर लोक गाड्या चालवतात तरी कसे, ह्याचे त्यांना रोज नव्याने नवल वाटे. स्वतःच्या गाडीचे टायर त्यांनी शेवटचे कधी पाहिले होते, हे त्यांना कुणी विचारले नव्हते, कारण प्रश्न विचारण्याचे काम त्यांचे होते.

कोपऱ्यावरच्या दुकानातून उद्याच टायर बदलून आणते, असे बाई म्हणाल्या. साहेबांनी हात वर केला.

"टायर म्हणजे काय कोथिंबिरीची जुडी आहे का? कोपऱ्यावर गेलो आणि घेऊन आलो? हा माझा विषय आहे. तू ह्यात पडू नकोस."

तरी पहिल्या शनिवारी साहेब कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आले. दुकानदाराने गाडी कोणती ते विचारले, मग एक महाग, एक स्वस्त आणि एक मधला असे तीन टायर पुढे उभे केले. मधला घ्या, तासाभरात बसवून देतो, म्हणाला. सगळे मिळून तीन मिनिटांत आटोपले आणि तिथेच साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. ज्या माणसाला विचार करावा लागत नाही तो नक्की काहीतरी लपवत असतो, असा त्यांचा अनुभव होता.

टायरच्या अंगावर चार आकडे छापलेले असतात. तो कोणत्या वर्षी, कितव्या आठवड्यात तयार झाला, ते त्यावरून कळते. साहेब गुडघ्यावर बसले आणि टॉर्च लावून त्यांनी ते आकडे वाचले. टायर चार महिन्यांपूर्वीचा निघाला.

"चार महिने हा कुणी घेतला का नाही?" त्यांनी विचारले.

बहुधा तुमचीच वाट बघत असेल, असे दुकानदार म्हणाला. साहेबांनी वहीत नोंद केली, 'विक्रेता उद्धट.'

त्यानंतरचे शनिवार साहेबांनी गाडी घेऊन शहरभर काढले. गाडी मात्र ते प्रत्येक दुकानापासून दोन गल्ल्या लांब उभी करत. आपले टायर गोटा झालेत हे दुकानदाराला दिसले, तर गरजू गिऱ्हाईक ओळखून तो भाव चढवील, ही त्यामागची दूरदृष्टी. आपल्या गाडीकडे त्यांनी स्वतःही पुन्हा वाकून पाहिले नाही. वहीच्या पहिल्या पानावर 'टायर झिजलेले. पाहणी पूर्ण' असा शेरा पडला होता, आणि एकदा शेरा पडलेल्या गोष्टीची पुन्हा पाहणी करण्याची त्यांच्या खात्यात पद्धत नव्हती.

वही भरत चालली. एका टायरचे रबर मऊ होते, म्हणजे तो लवकर झिजणार. दुसऱ्याचे कडक होते, म्हणजे तो घसरणार. तिसऱ्याचे अगदी हवे तसे होते, म्हणून तो संशयास्पद. इंटरनेटवर एखाद्या टायरची कुणी स्तुती केली असेल, तर ती पैसे देऊन लिहवून घेतलेली. निंदा केली असेल, तर ती प्रतिस्पर्ध्याने केलेली. अशा रीतीने पाचव्या शनिवारपर्यंत जगातले बहुतेक सगळे टायर बाद झाले. सुरुवातीला संध्याकाळी "झालं का काही?" असे विचारणाऱ्या बाईंनी आता विचारणे सोडले होते. आपल्यावर तिचा विश्वास बसला, अशी साहेबांनी त्याची नोंद घेतली.

सहाव्या शनिवारी त्यांचा मेहुणा उगवला. हा बाईंचा धाकटा भाऊ. कुठली वस्तू कुठे अर्ध्या किमतीत मिळते हे त्याला पाठ असे, आणि त्याच्या घरातल्या निम्म्या वस्तू बंद असण्याचे कारणही तेच होते. गावाबाहेर एक टॅक्सी कंपनी बुडाली होती आणि तिच्या गोदामातला माल विकायला काढला होता.

"भावोजी, दुकानात जाऊन घेतात ते गिऱ्हाईक," मेहुणा म्हणाला. "आपण ओळखीनं घेतो."

दोघे निघाले. वाटेत एक ट्रक अचानक आडवा आला. साहेबांनी ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. मेहुण्याने डोळे मिटून घेतले होते, ते उघडले.

"बघ," साहेब प्रसन्न होऊन म्हणाले, "टायर गोटा झालेत, तरी कशी थांबली. अरे, गाडी कुणाच्या हातात आहे त्यावर असतं सगळं. तुझी ताई ब्रेक चुकीचा दाबते."

गोदामाबाहेर बरीच गर्दी होती. सवयीप्रमाणे साहेबांनी गाडी दोन गल्ल्या लांब लावली. आत एकच दिवा होता, आणि त्याच्या उजेडात किल्ल्यांचा जुडगा हलवणारा एक माणूस सारखा बजावत होता की बिल मिळणार नाही आणि माल परत घेतला जाणार नाही. असे कुणी बोलले की एरवी साहेब हिरवे पेन बाहेर काढत. पण त्यांच्या गाडीच्या मापाचे चारच टायर उरले होते, आणि साहेब त्यांच्याकडे बघत असतानाच एका जाड्या गृहस्थाने त्यातल्या एकावर हात ठेवला. सहा आठवडे जो निर्णय झाला नव्हता, तो दीड मिनिटात झाला. टॉर्च गाडीतच राहिला होता. आकडे काय, घरी जाऊनही वाचता येतात.

दोन टायर डिकीत गेले, एक मागच्या सीटवर बसला आणि एक मेहुण्याने मांडीवर घेतला. शहराच्या तोंडाशी एक पंक्चरवाला होता. त्याच्याकडे त्यांनी गाडी नेली. त्याने जॅक लावला, पाना हातात घेतला आणि तसाच थांबला.

"साहेब, ह्यातले कुठले बदलायचे?"

"चारही."

"पण हे तर नवेच आहेत. ह्यांच्यावरचे रबराचे केससुद्धा गेले नाहीत अजून."

साहेब हसले. मग वाकले. नंतर सवयीने गुडघ्यावर बसले आणि टॉर्च लावून त्यांनी आकडे वाचले. मग उठून बाकीच्या तीन चाकांपाशी जाऊन वाचले. चारही टायर पाच महिन्यांपूर्वी तयार झालेले होते. खाचा खोल होत्या, कडा करकरीत होत्या. वहीत कुठल्याही टायरला मिळाला नव्हता इतका चांगला शेरा ह्यांना देता आला असता. तोवर पंक्चरवाल्याने मेहुण्याच्या मांडीवरचा टायर उतरवून घेतला होता. तो आठ वर्षांपूर्वीचा निघाला. त्याच्या अंगभर बारीक भेगा होत्या.

"हे झोपाळ्याला टांगायला बरे," पंक्चरवाला म्हणाला.

मेहुण्याने हळूच सुचवले की हे ताईचे काम असावे. साहेबांनी त्याच्याकडून वचन घेतले की ह्यातले अक्षरही तिला कळता कामा नये. टायर तुझ्या घरी ठेव, असेही सांगून पाहिले. पण मेहुण्याची बायको आधीच, बंद पडलेल्या नाट्यगृहाच्या बारा खुर्च्या घरात आल्यापासून त्याच्याशी बोलत नव्हती. मग साहेबांनीच ते टायर आपल्या इमारतीच्या पंपाच्या खोलीमागे लपवले, हात धुतले आणि वर जाऊन सांगितले की आजही काही पसंत पडले नाही.

"असू दे," बाई म्हणाल्या. "घाई कुठं आहे?"

मंगळवारी संध्याकाळी इमारतीचे सेक्रेटरी दारात उभे राहिले. हे निवृत्त हेडमास्तर. सापडलेल्या प्रत्येक वस्तूचा मालक शोधून त्याला सर्वांसमक्ष उभे करणे, ह्यात त्यांना फार गोडी. पंपाच्या खोलीमागे चार बेवारस टायर सापडले आहेत, ते म्हणाले. माल चोरीचा असावा. उद्या पोलिसांत कळवायचे आहे. पण त्याआधी इमारतीतल्या जाणकार माणसाने पाहणी करून लेखी अहवाल द्यावा, असे ठरले आहे. जाणकार कोण, हे सांगायची गरज नव्हती.

नाही म्हणायला कारण सापडेना. साहेब टॉर्च घेऊन खाली गेले, स्वतःचे टायर त्यांनी अनोळखी चेहऱ्याने तपासले आणि वर येऊन हिरव्या शाईने अहवाल लिहिला. सेक्रेटरी खुर्चीत बसून तो मोठ्याने वाचू लागले. सोफ्यावर बाई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"आठ वर्षांचे जुने, बाजूंना भेगा, वापरण्यास अयोग्य. वा. पण साहेब, मग हे चोरानं नेले नसणार. चोर असता तर बघून चांगले नेले असते. हे कुणीतरी पैसे देऊन घेतलेत."

"शक्य आहे," साहेब म्हणाले.

"कसा माणूस असेल हो हा? तुमचा अनुभव काय सांगतो?"

साहेबांनी घसा साफ केला. घेणारा इसम गर्दीत गोंधळलेला असावा, असे ते म्हणाले.

"गोंधळलेला नव्हे, बिनडोक. लिहा तसं. पोलिसांना उपयोग होईल."

साहेबांनी पेन उचलले. ते कागदावर टेकणार, एवढ्यात बाईंनी हातातला टॉवेल खाली ठेवला.

"पोलिस नकोत," त्या म्हणाल्या. "ते टायर आमचेच आहेत. ह्यांनी शनिवारी आणलेत."

सेक्रेटरींनी आधी अहवालाकडे पाहिले, मग अहवाल लिहिणाऱ्याकडे. मोठ्या कष्टाने त्यांनी चेहरा सरळ ठेवला आणि विचारले की कुणाची हरकत नसेल तर त्या टायरांत माती भरून फुलझाडे लावता येतील. कुणाचीच हरकत नव्हती. ते गेले. जिन्यातून त्यांचे हसू तळमजल्यापर्यंत ऐकू येत राहिले.

"तुला कसं कळलं?" साहेबांनी विचारले.

भावाने शनिवारीच फोन केला होता. दिलेले वचन त्याने तब्बल चाळीस मिनिटे पाळले होते.

"आणि आपले? ते कधी बदललेस?"

"पहिल्याच सोमवारी. जेवणाच्या सुट्टीत. कोपऱ्यावर गेले आणि मधले टाकले."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

बाईंनी टॉवेल पुन्हा उचलला. त्याची घडी आधीच घातलेली होती, ती मोडून त्यांनी पुन्हा घातली.

"सांगणार होते. बदलले ते तुमच्यासाठीच. त्या फाटकात मी किती घाबरले होते ते माझं मला माहीत, आणि तुम्ही त्याच गाडीतून टायर शोधत शहरभर फिरणार. म्हटलं, शोधू देत, पण माणूस तरी धड घरी येऊ दे." त्या थोड्या थांबल्या. "मग पुढच्या शनिवारी तुम्ही नऊ वाजता वही घेऊन गेलात. मी चहा केला आणि तो गरम असताना प्याले. दुपारी झोपले. पाचपर्यंत मला कुणी एक प्रश्न विचारला नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली, असे शनिवार मला पहिल्यांदाच मिळाले. मग नाही सांगावंसं वाटलं."

साहेबांनी हिरव्या पेनाला टोपण लावले. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खाली सेक्रेटरी पंपाच्या खोलीमागून एकेक टायर गडगडवत आणत होते.

कपडे कपाटात ठेवून बाई स्वयंपाकघरात गेल्या. जरा वेळाने त्यांचा आवाज आला.

"अहो, हा फ्रिज जरा आवाज करतोय असं नाही वाटत?"

साहेब आत गेले. फ्रिज दोन वर्षांपूर्वीचा होता. त्यांनी त्याला कान लावला. तो इतका शांत होता की त्यांना स्वतःच्याच मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. खरे सांगायचे तर एकेका दुकानदाराला भंडावून सोडत, गुडघ्यावर बसून आकडे वाचत त्यांचेही शनिवार फार मजेत गेले होते.

"करतोय खरा," ते म्हणाले. "पण फ्रिज ही काही घाईनं घेण्यासारखी वस्तू नाही."

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी चहाचे आधण ठेवले.