भाईंचा आवाज आणि नऊ नंबर

विश्वेशने माइकवर टिचकी मारली, तशी लॅपटॉपवरची हिरवी पट्टी थरथरली. "हां, आता काका, तुम्ही नेहमी बोलता तसंच बोला."

भाईंनी टोपी सारखी केली, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि माइकपुढे हात जोडले. "नमस्कार. माझा आवाज आपणांस पोहोचत आहे काय?"

पट्टी जेमतेम हलली. विश्वेशने माइकच्या आवाजाचं बटण चारवरून सातवर नेलं. मग सरपंच सुगंधाताई बोलल्या, त्या भाईंपेक्षाही हळू. शेवटी विमलाआजींनी तोंडाला पदर लावून "नमस्ते" म्हटलं, ते त्यांच्या शेजारी बसलेल्या नातीला, संचितालाही ऐकू गेलं नाही. विश्वेशने बटण नऊवर नेऊन ठेवलं. "तुमच्याकडची माणसं फारच हळू बोलतात," तो म्हणाला.

विश्वेश कणकवलीचा, हायवेवर वाढलेला. मसुऱ्याच्या अलीकडच्या या वाडीत तो पहिल्यांदाच आला होता, पंचायतीच्या खोलीत माइक-पडद्याची जोडणी करून द्यायला. इथला माणूस साहेबापुढे किंवा माइकपुढे उभा राहिला की इस्त्रीच्या शर्टासारखी शुद्ध मराठी घालतो आणि मग त्याच्या गळ्याला ती आवळते, हे त्याला कोण सांगणार? खाडीवर पूल नव्हता तेव्हा हेच भाई अलीकडच्या काठावरून होडीवाल्याला हाक मारायचे. पलीकडे होडीवाला हातातला चहा संपवून सावकाश "इलंय रे" म्हणायचा, आणि मधल्या वेळात दोन्ही काठांवरची कुत्री भुंकून दमायची. पूल झाला, एसटीची वस्तीची गाडी आली, आणि भाईंच्या हाकेला काम उरलं नाही.

आता त्या गाडीवरच आलं होतं. संध्याकाळी येऊन देवळापाशी मुक्काम करणारी आणि पहाटे कणकवलीला निघणारी ही एकच गाडी. ती बंद करायची की ठेवायची, हे जिल्ह्याचे साहेब आज अकरा वाजता पडद्यावरून ऐकून घेणार होते. गाडी गेली तर संचिताचं कॉलेज सुटणार होतं. बाहेर खोली घेऊन राहणं त्या घराला जमणारं नव्हतं. विमलाआजींनी त्यासाठी चार सोमवार धरले होते.

पावणेअकराला पंखा लावला तर स्पीकरमधून हेलिकॉप्टर उतरल्यासारखं वाटलं. पंखा बंद केला. मग पंचायतीमागच्या फणसावरचा कावळा थेट खोलीत बसून ओरडतोय असं ऐकू येऊ लागलं. खिडक्या लावल्या. मग शेजारच्या घरातलं नारळ किसणं. सुगंधाताई जाऊन ते थांबवून आल्या. "तेंची आमटी आता दुपारपर्यंत नाय," त्या घाम पुसत म्हणाल्या. "आमचा नारळाचा कामही रवला," भाई कोपऱ्यात आणून ठेवलेल्या नारळाकडे बघत हळूच म्हणाले, पण विश्वेशने ओठांवर बोट ठेवलं होतं.

पडद्यावर साहेब आले. कानाला हेडफोन, समोर चहाचा कप. "बोला, आपलं म्हणणं काय आहे?"

भाईंनी पाठ केलेलं सगळं, संचिताच्या कॉलेजसकट, म्हटलं, अगदी अदबीनं. पट्टी हिरवीगार राहिली आणि विश्वेश खूश झाला. साहेब मात्र कागद चाळत होते. "हरकत समजली. परंतु प्रवासी सरासरी चार. निर्णय लेखी कळवू."

लेखी कळवू म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. संचिताने मान खाली घातली.

विमलाआजी भाईंच्या कानाशी लागल्या. "भाई, देवाक गाऱ्हाणा घालूक इसारलंव मा. म्हणान ह्या उलटा जाता."

"आता? साहेब समोर आसत गो."

"देव काय पाठमोरो आसा?"

भाईंना ते पटलं. त्यांनी कोपऱ्यातला नारळ उचलला, लॅपटॉपपुढे धरला, डोळे मिटले, आणि सदऱ्याचं वरचं बटण काढलं.

"बा देवा म्हाराजा!"

पट्टी लाल होऊन वरच्या कडेला आदळली. पडद्यावरच्या साहेबांचा चहा कागदांवर गेला. विश्वेश बटणाकडे धावला, पण सुगंधाताईंनी त्याचं मनगट धरलं. "गाऱ्हाणा मधी मोडूचा नसता, बाबा."

"आज ही तुझी लेकरा वस्तीच्या गाडयेसाठी तुझ्या पायाशी इली आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी खोली म्हणाली. विमलाआजीसुद्धा. साहेबांच्या मागचं दार उघडून शिपाई आत डोकावला.

"काय चुकला-माकला असात ता पोटात घाल. आणि गाडयेच्या वाटेत जो कोण आडवो इलो असात, तेका बरी बुद्धी दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या खेपेला एक आवाज जास्त होता. तो स्पीकरमधून आला होता.

भाईंनी डोळे उघडले. साहेब हेडफोन काढून अर्धे उठले होते आणि त्यांचे हात जोडलेले होते. ते घाईघाईने खाली बसले, हेडफोन पुन्हा कानाला लावले आणि ओले कागद झटकू लागले.

"साहेब खंयचे?" सुगंधाताईंनी विचारलं.

"दोडामार्गाकडचो," साहेब म्हणाले, आणि खाकरले. "म्हणजे, दोडामार्गाकडचा." त्यांनी सांडलेला कप सरळ केला. "आमच्याकडेही वस्तीची गाडी यायची. कंडक्टर आमच्या पडवीत झोपायचा. आई आधी त्याला पेज वाढायची, मग आम्हाला. तीस वर्षं झाली गाऱ्हाणं ऐकून." त्यांनी पेन उचललं. "मुलीचं कॉलेज सुरू असेपर्यंत गाडी राहील. तसं लिहितो."

संचिताने आजीचा हात धरला. भाईंनी नारळ फोडायला बाहेर नेला. विश्वेशने कपाळ पुसलं आणि नऊचं बटण खाली आणायला बोट पुढे केलं.

मागच्या बाकावर विमलाआजी नातीला आपल्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे जवळजवळ मनातच, म्हणत होत्या, "बापड्याचो चाय सांडलो गो. तेणा सकाळपासून काय खाल्ल्यान असात काय नाय, देव जाणे."

"आता जेवतंय, काकी," स्पीकरमधून आवाज आला.

विश्वेशने बोट मागे घेतलं आणि बटण नऊवरच राहू दिलं.