मंजुळाबाईंच्या उत्तरास दरबार थांबला त्याची हकीकत

श्रीहरी समर्थ, लिहविता तो, आपण निमित्त. शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरे, माघमासी, एका राज्यात वर्तमान घडले ते ऐसे. राज्यात स्वमग्न जनांसाठी एक शाळागृह होते, तेथे थोरली मुलेमुली दिवसा येऊन विणकाम करीत आणि आपुल्या लयीने रमत. श्रीमंतांचे मनी आले की या सेवा आणिक बऱ्या कराव्या, मग आज्ञा जाहली की घरोघर पाहणी करून शोध घ्यावा, आणि काम निरंजनपंतांस सोपिले. पंत मोठे विद्वान. बत्तीस कलमांचा फॉर्म स्वहस्ते रचिला आणि नियम केला की प्रश्न खुद्द त्या माणसासच पुसावा, हे उत्तमच केले. परंतु पुढे लिहिले की दहा आकडे मोजेतो जो न बोले त्यापुढे 'गरज नाही' मांडावे. येथे घात जाहला. पंत घरोघर फिरले आणि आकडे मोजिले आणि मग अहवाल गुजरला की, राज्यात सर्व स्वमग्न जन परम संतुष्ट, कोणास काही नको. कारभारी हर्षले आणि ठराव केला की पाडव्यापासून शाळागृह बंद.

हे ऐकोन सगुणाबाई तांबट, चुलीवरची भाजी तैशीच टाकून, चोवीस वर्षांची लेक मंजुळा हिजला घेऊन दरबारी आल्या आणि भर सभेत बोलिल्या, "अहो पंत, कीर्तनाला कधी बसता की नाही?" पंत म्हणाले, "बसतो तर! दर एकादशीस." "मग पूर्वरंग झाला की उठून घरी जाता?" "छे हो बाई, आख्यान तर उत्तररंगात!" "तेच की! माझ्या मंजूला सोमवारी पुसलंत, काय हवं म्हणून. ती बोलली बुधवारी. तोवर तुम्ही बुक्कासुद्धा न लावता पसार! आता शाळा गेली तर हिनं दिवस काढायचा कुठं, सांगा." सभा हसली, आणि पंत लाजले. श्रीमंतांनी पुसिले, "बुधवारी काय बोलली?" बाई म्हणाल्या, "'बाकडं' म्हणाली. मला वाटलं, बसायला हवं असेल. पुरतं तिलाच पुसा, महाराज, पण धीर धरा."

मग श्रीमंत सिंहासनावरून उतरोन मंजुळाबाईंशेजारी गालिच्यावर बसले आणि पुसिले, "बाकडे कोणास हवे?" मंजुळाबाई गालिच्याचे गोंडे सरळ करू लागल्या. पंतांचे ओठ हलले, तो सगुणाबाई गरजल्या, "मोजू नका!" एक घटका गेली, दुसरी गेली, सेनापतींस डुलकी लागली, चोपदाराने जांभई गिळली, आणि श्रीमंत तैसेच बसून. शेवटचा गोंडा सरळ जाहला आणि मंजुळाबाई बोलिल्या, "आईला."

तेव्हा उमगले की शाळागृहाच्या फाटकाबाहेर सगुणाबाई लेकीची वाट पाहत रोज दुपारभर उन्हात उभ्या राहतात, आणि हे कोणाच्या कलमात आले नव्हते. सगुणाबाईंनी पदर डोळ्यांस लाविला आणि म्हणाल्या, "बघा मेलीला! मला कळलं नाही ते." पंतांनी अहवाल आपल्या हाताने फाडिला आणि ठराव रद्द जाहला.

येणेप्रमाणे शाळागृह चालू आहे, फाटकापाशी बाकडे आहे, वर छप्पर आहे. पाहणी नव्याने मांडिली. तीनशे घरांपैकी सातवे घर चालू आहे, आणि पंत म्हणतात, घाई नाही. लेखनसीमा.