फायरप्लेस पेटली, घर गारठलं

आग पेटवण्यात माझा हात धरणारा माणूस अमेरिकेतल्या मेन राज्याच्या अख्ख्या उत्तर टोकात सापडायचा नाही! असं सगळे म्हणतात. म्हणजे, मीच म्हणतो. तेहतीस वर्षं म्हणतोय. घर बांधलं तेव्हा फायरप्लेसचा एकेक दगड मी नदीवरून वाहून आणला आणि बायकोला, ल्युडीला, ठणकावून सांगितलं, "तळघरातली ती घर तापवायची तेलाची भट्टी या घरात पेटायची नाही. आम्हा मिशोंचं घर लाकडावर तापणार!"

ती म्हणाली, "बरं." ल्युडी कमीच बोलायची.

यंदा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती गेली. प्लॉयचं, म्हणजे आमच्याकडच्या धिरड्यांचं, पीठ कालवता कालवता खाली बसली, ती उठलीच नाही. त्यानंतर घर गार पडलं. भेटायला येणारे म्हणायचे, बाई गेली की घर गार पडायचंच. मलाही तसंच वाटलं. पण डिसेंबरात मांजराच्या वाटीतल्या पाण्यावर बर्फ धरला, तेव्हा हे नुसतं दुःख नाही, कुठेतरी बिघाड आहे, अशी शंका आली.

त्यात मुलीचा, कोरीनचा, फोन.

"पापा, घर गरम आहे ना?"

"घाम येतोय!" मी दोन कोट आणि ल्युडीची शाल सावरत म्हणालो.

"मग दात का वाजतायत?"

"जेवतोय."

ती काहीतरी म्हणणार होती, म्हणाली नाही. "रविवारी दुपारी येते. घर गारठलेलं दिसलं तर सरळ गाडीत घालून पोर्टलंडला नेईन. वाद घालायचा नाही."

पोर्टलंड! तिथे तिच्या सोफ्यावर पाय दुमडून झोपायचं, आणि इथे ल्युडीचा गाऊन खुंटीवर एकटाच लटकत राहणार. छे! हातात तीन दिवस होते. मी बाह्या सरसावल्या. म्हणजे सरसावणार होतो, पण थंडी फार होती.

पहिला संशय लाकडावर. बर्चचे ओंडके रचून पेटवले. सुंदर फुसफुसले, टोकांतून फेस काढला आणि विझले. शेजारचा नॉर्मांद कुंपणापलीकडून बघत होता. तो आमच्या गावच्या अग्निशमन पथकातला स्वयंसेवक आहे, त्यामुळे आगीविषयी विचारलं नाही तरी सांगतो.

"गिल्बर, हे कधी तोडलंस?"

"ऑगस्टमध्ये."

"मग हे लाकूड नाही, भाजी आहे! फोडणीला टाक."

तो आपल्या छपराखालचं दोन वर्षं वाळलेलं मेपल घेऊन आला. जाताना म्हणाला, "गिल्बर, तळघरात एकदा..." आणि कुंपणाकडे वळला. "काही नाही. मेपल चांगलं आहे."

मेपल खरंच चांगलं होतं! आग अशी भडकली की भुवया वाचवायला मागे सरावं लागलं. पण घर? घर आणखी गार! तोंड भाजतंय आणि पाठीवर बर्फाची लादी. मी सळईला लावलेल्या कोंबडीसारखा स्वतःभोवती फिरत शेकत राहिलो. शनिवारपर्यंत अर्धा मेपल संपला आणि मांजर उठून गाडीच्या बॉनेटवर राहायला गेलं.

रविवारी सकाळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ऊब धुराड्यातून वर पळतेय! मग पळू द्यायची कशाला? धुराड्यात एक लोखंडी झडप असते. ती मी जवळजवळ बंद केली. झालं!

झालंच. ऊब राहिली बाजूला, धूर मात्र शिस्तीत घरात आला. मी धावत जाऊन स्वयंपाकघरातला पंखा लावला. त्यानं काय करावं? उरलासुरला धूरही धुराड्यातून ओढून माझ्याकडे आणला! छतावरची धुराची घंटी किंचाळायला लागली. सगळ्या खिडक्या उघडल्या. आता घरात धूरही होता आणि बर्फही. मी जमिनीवर रांगत, ल्युडीची शाल नाकाला लावून, दाराकडे निघालो. शालीला अजून तिचा वास होता. तिथेच जरा थांबलो. थांबायला नको होतं, पण थांबलो.

नॉर्मांदनं सहा खिडक्यांतून धूर पाहिला आणि पथकाला बोलावलं. लाल गाडी बोंबलत आली, आणि तिच्या मागोमाग कोरीनची गाडी. मागच्या महिन्यात आई गेली तेव्हाही याच दारात लाल दिव्यांची गाडी बघत ती पोचली होती. ती एकाच पायात बूट घालून बर्फातून धावत आली.

"पापा! पापा!"

"इथे आहे," मी पायरीवरून म्हणालो. तोंड काजळीनं काळं.

तिनं मला घट्ट धरलं. मग सोडलं आणि असं झापलं की पथकातले चारही गडी नळी गुंडाळण्यात एकाएकी गुंग झाले!

नॉर्मांदनं झडप उघडली, निखारे पत्र्याच्या बादलीत भरून बर्फात ओतले आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"गिल्बर, उघड्या फायरप्लेसनं घर तापत नसतं रे. ती घरातली ऊब ओढून आभाळात फेकते. तू जितकी पेटवशील तितकं घर गार."

"काहीतरीच! तेहतीस वर्षं तापलंय की!"

नॉर्मांद बुटाकडे बघायला लागला. कोरीननं डोळे पुसले.

"पापा, मॉमा भट्टी लावायची."

"कधी?"

"ऑक्टोबर ते मे."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. तू फायरप्लेस पेटवलीस की ती बटाटे आणायला तळघरात जायची ना? आणि विझली की पुन्हा."

जायची खरी. किती बटाटे खाल्ले आम्ही!

"आणि तेल? तेल कुठून यायचं?"

"मंगळवारी," नॉर्मांद पुटपुटला. "तू बोलिंगला गेलास की. टाकीचं तोंड माझ्या कुंपणाच्या बाजूला आहे. ल्युडीनं शपथ घातली होती."

"आणखी कोणाला माहीत होतं?"

पथकातल्या एकानं हात वर केला. मग बाकीच्या तिघांनी. त्यातला एक तर तेलाचीच गाडी चालवायचा!

"मला वाटलं, थंडी वाजली की तुला कळेल," कोरीन म्हणाली. "फोनवर सांगणार होते. पण तिनं इतकी वर्षं जपलेलं मी कसं बोलू?"

तिनं मला हाताला धरून तळघरात नेलं. भिंतीवर लाल बटण होतं. शेजारी खिळ्याला ल्युडीचा जुना स्वेटर, आणि बटाट्यांची रिकामी टोपली. कोरीननं बटण दाबलं. अर्ध्या तासात खिडक्यांवरचं दव ओघळायला लागलं. मांजरही परत आलं, लाज न बाळगता.

"एवढंच करायचं, पापा. जमेल?"

"जमेल."

"मग राहा इथे. मी ख्रिसमसपर्यंत थांबते."

रात्री ती वर झोपायला गेली आणि मी उबदार खोलीत एकटाच बसलो. तेहतीस वर्षांच्या संसारात ल्युडीशी भांडायला माझ्याकडे कधी धड मुद्दा नसायचा. आज पहिल्यांदा असा खणखणीत मुद्दा सापडला होता, आणि भांडायला ती नव्हती!