बखर नदीपारच्या पाण्याची

श्री वेसदेवता समर्थ. ऐलतीरी सुख, पैलतीरी क्षेम असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, वैशाखमासी, नदीपारचे पाणी प्यावे की न प्यावे याचा निवाडा जाहाला, तो वृत्तांत लिहून काढणे ऐसी राणीसाहेबांची आज्ञा, म्हणोन जैसा घडला तैसा लिहितो. पश्चिम खंडी सत्तावीस संस्थाने. पूर्वी एकमेकांचे तोंड पाहात नव्हती. मग लढून लढून सारीच दमली आणि शहाणपण सुचले आणि तह जाहाला की आता वेशीवर अडवणूक नाही, बाजार एक, मोहोर एक, ज्याने त्याने मनास येईल तिकडे जावे. चौक्या उठल्या, शिपाई घरी गेले आणि अडसराच्या खांबास पोरे झोके घेऊ लागली. तरी मनुष्यस्वभाव, शेजारी जावयाचे तरी दहांदा पुसणार. म्हणोन ऐलतीरच्या राणीसाहेबांनी गोमाजीपंत चिटणीस यांस काम सांगितले की नदीपार जाणारांसाठी दरसाल सूचनापत्र काढीत जावे. पंत अक्षराने मोती आणि स्वभावाने फणस. पत्र चोख काढीत. परवाना नको, परंतु ओळखचिठ्ठी जवळ असावी. आजारी पडल्यास दरबारचे निळे पत्र वैद्यास दाखवावे. मोटारीत पिवळा डगला ठेवावा आणि भर दुपारीही दिवे लावावे. कुत्रे नेणे जाहाल्यास त्यास आधी सुई टोचून त्याचेही पत्र करावे. इथवर सारे यथास्थित. आणि अखेरचे कलम, ठळक अक्षरी, तेथील पाणी पिऊ नये.

या एका कलमापायी ऐलतीरच्या लोकांनी नऊ वर्षे मोटारींच्या टपावर घागरी बांधिल्या. लग्नास जावोत की व्यापारास, घागर आधी आणि माणूस मागून. पैलतीरचे लोक भले, त्यांस वाटले, शेजाऱ्यांचे काही व्रत असेल, आणि त्यांनी खाणावळींत घागर ठेवावयास पाट मांडिले.

आता खरे ते सांगितले पाहिजे. त्या पाण्यात काडीचा दोष नव्हता. पंतांस लेक एकच, चिमाबाई, ती पैलतीरी दिली. लग्नानंतर पंत प्रथमच तिचे घरी गेले तो ऊन मी म्हणत होते, आणि लेकीने हरखून झऱ्याच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. परंतु जुना रिवाज ऐसा की लेकीस मूल होईतो बापाने तिचे घरचे पाणी घेऊ नये. पंतांनी तांब्या दूर सारिला. लेकीचे तोंड एवढेसे जाहाले. पंत कोरड्या घशाने माघारी फिरले आणि वाटेभर तो तांब्या डोळ्यांपुढून हालेना. ज्या मुलखाने लेक नेली त्याचा भारी राग आला, आणि राग काढावा कोणावर, तर घरी सूचनापत्र लिहावयाचे राहिले होते. कुटुंब सगुणाबाई म्हणाल्या, "अहो, त्या पाण्यानं तुमचं काय घोडं मारलंय?" पंत म्हणाले, "दरबारचं काम आहे. तुम्ही मध्ये पडू नका." आणि कलम लिहिले गेले.

इकडे चिमाबाईंस ते कलम जन्माचे चिकटले. शेजारणी चेष्टा करीत, "काय गं, तुझ्या बाबांना आमचं पाणी चालत नाही, मग लेक बरी चालली द्यायला!" ती चारचौघींत हसे आणि घरी येऊन रडे. पुढे तिला दिवस गेले. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, म्हणोन सगुणाबाईंनी डिंकाचे लाडू वळिले, बाज विणून घेतली, तो लेकीचा निरोप आला, "मी येत नाही. बाबांनी ज्या पाण्याला नावं ठेवली, त्याच पाण्यानं माझं बाळ न्हाईल. बारशाला यायचं असेल तर घागर न घेता या. नाहीतर येऊ नका." मग मुलगी जाहाली ऐसी खबर आली. पंतांस अन्न गोड लागेना. कलम काढावे तर राणीसाहेबांपुढे लबाडी उघडी पडते, न काढावे तर लेक तुटते. सगुणाबाईंनी बोचके बांधिले आणि म्हणाल्या, "मी निघाले. तुम्ही बसा तुमच्या अक्षराला कुरवाळत." तेव्हा पंत उठले. परंतु सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, एक घागर टपावर चढविलीच. म्हणाले, "नियम माझा. मीच मोडला तर लोक काय म्हणतील?"

वेशीवर पंतांनी मोटार थांबविली आणि पिवळा डगला अंगात घातला आणि ओळखचिठ्ठी हाती धरोन अदबीने उभे राहिले. समोर कोणी नाही. शेळ्या वळणारी एक म्हातारी होती, ती म्हणाली, "कोणाला दाखवतोस रे बाबा? इथं कोणी नसतं अडवायला. जा की लेकराबाळांत." पंत बहुत ओशाळले आणि डगला काढोन मोटारीत बसले.

लेकीचे दारी विहीणबाई म्हाळसाबाई सामोऱ्या आल्या आणि पाहतात तो टपावर घागर. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "या, व्याहीबुवा. तुमच्या घागरीची जागा करून ठेवलीय." माजघरात पाट मांडिला होता आणि पाटाभोवती रांगोळी. व्याही आज येतील, उद्या येतील म्हणोन त्या माउलीने नऊ वर्षे दर सणास ती रांगोळी घातली होती, आणि त्या पहिल्या खेपेनंतर पंत एकदाही आले नव्हते. चिमाबाई बाळ मांडीवर घेऊन बसली होती, ती उठली नाही. तिने तांब्या पुढे सारिला आणि म्हणाली, "आता रिवाजाची आडकाठी नाही, बाबा. नात झालीय. आता नाही प्यालात, तर मी समजेन की मीच तुम्हाला नकोशी झालेय." सगुणाबाईंनी पदर तोंडास लाविला. पंतांनी तांब्या उचलिला आणि घटाघटा प्याले, मिशा भिजल्या, सदरा भिजला, आणि रिता तांब्या पुढे करोन म्हणाले, "आणखी." ऐसे तीन तांबे रिचविले. मग म्हणाले, "पाणी कधीच वाईट नव्हतं, चिमे. तुला इथं ठेवून परत जाणं माझ्या जिवावर आलं होतं."

चिमाबाई म्हणाली, "मग तसं लिहायचं होतं ना, बाबा." आणि बाळ त्यांचे मांडीवर दिले.

बारसे थाटाने जाहाले. टपावरील घागर अंगणातल्या झाडांस ओतली आणि झऱ्याच्या पाण्याने भरोन पंतांनी ती राणीसाहेबांपुढे नेऊन ठेविली आणि सारा अपराध कबूल केला. राणीसाहेब प्याल्या आणि म्हणाल्या, "गोड आहे. पंत, आमच्या रयतेला उगाच पाणी वाहायला लावलंत. आता शिक्षा ऐका. दरसाल स्वतः नदीपार जायचं, लेकीच्या घरचं पाणी चाखायचं, आणि मगच पत्र काढायचं." पंतांनी शिक्षा मस्तकी धरिली.

येणेप्रमाणे निवाडा जाहाला. त्या सालच्या पत्रात ओळखचिठ्ठी, निळे पत्र, पिवळा डगला, कुत्र्याची सुई, सारे पूर्ववत. अखेरचे कलम तेवढे नवे, तेही ठळक अक्षरी: तेथील पाणी गोड आहे, पोटभर प्यावे. ज्याची लेक तिकडे दिली असेल त्यास परतताना जड जाईल, त्यास दरबारी इलाज नाही. लेखनसीमा.