बिनमिठाचे अकरा दिवस

डॉक्टरांचं बोलणं यमुनाबाईंना जरुरीपेक्षा जास्तच समजलं आणि तिथेच सगळा घोळ झाला.

"मेंदूच्या पेशींना बारीक बारीक पंप असतात, काकी," मुंबईहून नवीनच आलेले डॉक्टर म्हणाले होते. "आत शिरलेलं मीठ ते दिवसरात्र बाहेर फेकतात. ते दमले की पेशी मान टाकतात आणि माणूस विसरायला लागतो, असा एक अंदाज आहे. औषध मात्र अजून निघालेलं नाही."

शेजारी बसलेले त्यांचे यजमान आत्माराम हे सगळं लक्ष देऊन ऐकत होते. मिरजोळ्याच्या बागांतले पंप दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता मात्र ते स्वतःच्याच घराची कडी वाजवून "कोण हाय काय घरात?" असं विचारत. उद्या आपल्यालाच "तुम्ही कोणाच्या?" म्हणाले तर काय करायचं, या धास्तीने यमुनाबाईंचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

बाई पडली पंपवाल्याची बायको. पंप दमला तर आधी त्याच्यावरचा भार कमी करायचा, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. घरी येताच त्यांनी मिठाची बरणी ट्रंकेत घातली, लोणचं माळ्यावर चढवलं आणि खारी सुकट शेजारच्या विमलाला देऊन टाकली. आमटी अळणी, पेज अळणी, बांगड्याचं तिखलंसुद्धा अळणी!

आत्माराम मुकाट जेवले. एरवी मीठ कणभर कमी पडलं तरी ताट सरकवणारा माणूस! जिभेची चवही गेली म्हणायची, असं यमुनाबाईंना वाटलं. मग तर त्यांनी पथ्य आणखी कडक केलं.

बाराव्या दिवशी सकाळी आत्माराम टोपी घालून उभे राहिले. "चल गो, डॉक्टरकडे जाऊ."

दवाखान्यात त्यांनी बायकोला पुढे केलं. "हिला तपासा. अकरा दिवस झाले, रोज मीठ घालायला विसरते. हिचे पंप दमलेत."

"मग तुम्ही जेवता कसे, काका?"

आत्मारामांनी खिसा उलटा केला. कागदाच्या नऊ पुड्या टेबलावर पडल्या. आपण मीठ मागून आणलंय हे विसरून ते पुन्हा पुन्हा विमलाकडे जात होते. "ती पाणी आणायला उठली की चिमूटभर घालून घेतो. समोर घातलं तर तिला वाईट वाटेल."

डॉक्टरांच्या ध्यानात सगळा प्रकार आला. "अहो काकी, ते मीठ म्हणजे जेवणातलं नव्हे, ते..." पण यमुनाबाईंनी डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं. अकरा दिवस! वार कोणता ते न आठवणाऱ्या माणसाने एवढं मोजून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी केसपेपर ओढला. "पेशंटचं नाव?"

आत्मारामांनी बायकोकडे पाहिलं.

"नाव आत्ता येत नाय ओठावर," ते ओशाळून म्हणाले. "पण बायको हाय माझी. जरा सांभाळून तपासा."

यमुनाबाईंनी पदराने डोळे टिपले आणि डॉक्टरांपुढे निमूटपणे जीभ बाहेर काढली.