खंडूसाठी एक तास गप्प

पोटच्या पोरानं आईला सांगावं, "शनिवारी एक तास तोंड बंद ठेव," आणि तेही एका कुत्र्यासाठी! आमच्या सुजितचं हे वागणं मी सगळ्या नातेवाइकांना सांगून झालंय, आता तुम्हालाही सांगते.

आमचे हे, ज्योतीराम, दिवाळीला कंपनीतून रिटायर झाले. तेहतीस वर्षं शिफ्ट केलेला माणूस! अजून पहाटे उठून, केस विंचरून गॅलरीत उभे राहतात आणि मोशीच्या रस्त्यानं जाणाऱ्या कंपनीच्या बसकडे बघतात, पंगतीत पान न मिळालेल्या पाहुण्यासारखे. बोलणं दिवसाला चार शब्द. एकदा चहा पिता पिता म्हणाले, "एखादं कुत्रं आणूया का गं?" या माणसानं उभ्या संसारात स्वतःसाठी काही मागितलेलं नाही. साधी आमटीची वाटी दुसऱ्यांदा पुढे केली नाही! मी म्हटलं, आणायचंच.

सुजित चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर नटबोल्ट तपासतो, घरी आला की आम्हाला तपासतो. त्यानं महिनाभर मोबाइलवर कुत्र्यांच्या जातींचे स्वभाव वाचले आणि तक्ता केला. ही जात हट्टी, ती प्रेमळ, तिसरी सोफा खाते. शेवटी चऱ्होलीच्या प्राण्यांच्या आश्रमातला खंडू पसंत पडला. हायवेला सापडलेला; आई लॅब्रॅडोर, बाप कोण ते आईलाच ठाऊक.

"तक्त्याप्रमाणे याला शांत घर लागतं," सुजित माझ्याकडे बघत म्हणाला.

आता मी चौथी पास. पण भावकीतली अकरा लग्नं माझ्या चौकशीवर जुळलीत आणि एकही मोडलेलं नाही! मुलाची चौकशी त्याच्या बापाकडे करायची नसते, त्याला ताट वाढणाऱ्या बाईकडे करायची. मी रिक्षा केली आणि आश्रमात कुत्र्यांना जेवण घालणाऱ्या सरूबाईला गाठलं.

"खातो कसा? गुरगुरतो का? कुणाच्या अंगावर जातो?"

"न्हाई ओ मावशी! दिसभर माज्याच मागं असतोय!"

बाईचा आवाज असा, की आळंदीच्या पुलावरची माणसं वळून बघतील! आणि खंडू तिच्या पायावर हनुवटी टेकून निवांत. झाली माझी चौकशी!

घरी येऊन सांगितलं, तर सुजित म्हणतो, "आई, एका बाईच्या बोलण्यावर काही ठरत नसतं. शनिवारी आश्रमाची स्वप्नाली खंडूला घेऊन येणार आहे, घर आणि घरातली माणसं बघायला. तुझा आवाज ऐकून नाही म्हणाली, तर बाबांचं कुत्रं गेलं!"

जन्मभर मी मुली बघितल्या, आणि आता मला बघायला येणार! असा संताप आला! पण गॅलरीत हे खंडूसाठी जुन्या टॉवेलची घडी घालत होते. चौथ्यांदा. मी तोंड मिटलं.

शनिवारी अकराला स्वप्नाली आली. खंडू शेपूट पोटाशी घेऊन दारातच थबकला. मी पोहे पुढे केले आणि हसले.

"कशा आहात काकू?"

मी मान डोलावली. दहा मिनिटं झकास गेली.

पण आमच्याकडे एक दिवसाआड अकराला पाणी येतं, आणि "पाणी आलंऽऽ" ही माझी आरोळी ऐकूनच चारही मजले मोटरी लावतात. आज आरोळी नाही! खालच्या कुसुमताई धापा टाकत आल्या.

"रुक्मिणीबाई, पाणी आलं नाही का हो?"

मी नळाकडे बोट दाखवलं.

"अहो, बोला की!"

मी ओठांवर बोट ठेवलं. कुसुमताईंचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

"रुक्मिणीबाईंची वाचा गेली होऽऽ!"

पाच मिनिटांत अख्खी बिल्डिंग घरात! एकीनं तळपाय चोळायला घेतले, कुसुमताईंनी नाकाला कांदा लावला. खालच्या रणजीतनं दवाखान्यात न्यायला रिक्षा गेटात आडवी लावली. एकानं मोबाइलवर लकव्याचा व्हिडिओ बघितलेला.

"काकू, हात वर करा! आता हसून दाखवा!"

मी दात आवळून हसले.

"तोंड वाकडं झालंय!"

"नाही, ते आधीपासूनच तसं आहे," मागून कुणीतरी म्हणालं. आवाज दुसऱ्या मजल्यावरचा होता. लक्षात ठेवलाय!

"तिला काही झालेलं नाही!" सुजित ओरडत होता, पण ऐकतंय कोण? खंडू दिवाणाखाली घुसून कण्हत होता. स्वप्नालीनं फाइल मिटली. "सॉरी दादा, एवढ्या गडबडीत तो नाही राहायचा."

हे उठले. कोपऱ्यात अंथरलेला टॉवेल उचलून कपाटात ठेवायला निघाले.

तिथं माझा एक तास संपला!

"काय तमाशा लावलाय? धडधाकट आहे मी! रणजीत, रिक्षा काढ आधी! कुसुमताई, तो कांदा न्या आणि भाजीत घाला! पाणी आलंय, मोटरी लावा!"

जिना क्षणात रिकामा. दोघांच्या चपला राहिल्या. चारही मजल्यांवर मोटरी घुमू लागल्या आणि घरात सगळं गप्प झालं.

तेवढ्यात दिवाणाखालून तपकिरी नाक बाहेर आलं. खंडू सरपटत माझ्यापाशी आला, पाय हुंगला आणि त्यावर हनुवटी टेकून त्यानं डोळे मिटले.

स्वप्नाली बघतच राहिली. "असा तो फक्त सरूबाईंपाशी बसतो!" तिनं फाइल उघडून काहीतरी लिहिलं. माझा चष्मा गर्दीत कुठं गेला देव जाणे, म्हणून यांना वाचायला लावलं.

"घरात मोठा आवाज, एक," यांनी वाचलं. "कुत्र्याला पसंत." आणि दिवाळीनंतर पहिल्यांदा हे खो खो हसले. टॉवेल परत अंथरला, पण खंडू माझ्या पायावरून हलेना. पायाला मुंग्या आल्या, तरी मीही हलले नाही.

सुजित तक्ता हातात धरून उभा होता. त्याला म्हटलं, "कुत्र्याचा स्वभाव महिनाभर वाचलास, आईचा वाचायला तीस वर्षं होती तुला! तुझा तक्ता रिजेक्ट! आता जा, त्याला बिस्किटं आण."